छोट्या गेमची मोजदाद: काय नोंदवायचं आणि किंमत कशी तपासायची

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम बनवणाऱ्यांकडे खेळाडूंचा डेटा कमी असतो, हे आधी मान्य करून टाकलं की पुढचं बरंच सोपं होतं. टेलिमेट्रीबद्दलचे (खेळाडू गेममध्ये काय करतात याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींबद्दलचे) बहुतेक सल्ले लाखो खेळाडू गृहीत धरून दिलेले असतात. आपल्याकडे लाँचच्या आठवड्यात हजारभर लोक आले तरी पुष्कळ. एवढ्या लोकांवर दीडशे प्रकारचे इव्हेंट (नोंदवायच्या घटना) लावले, तर महिनाभराने हातात दीडशे आलेख असतात आणि त्यातल्या एकावरूनही निर्णय घेता येत नाही.

म्हणून पहिली ओळ कोड करण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे प्रश्न लिहा आणि उजवीकडे, त्याचं उत्तर कळल्यावर गेममध्ये काय बदलणार ते लिहा. उजवी बाजू कोरी राहिली तर तो प्रश्न खोडायचा. ‘खेळाडूंना कुठलं हत्यार आवडतं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा इथेच गळतो, कारण उत्तर काहीही आलं तरी कुणी काही बदलणार नसतं. ‘आठव्या लेव्हलपर्यंत आलेल्यांपैकी किती जण नवव्या लेव्हलला पोहोचतात?’ हा प्रश्न टिकतो. आकडा वाईट आला तर आठवी लेव्हल बदलायची हे ठरलेलं असतं.

एकदाच पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या गेमसाठी सगळ्यात मोलाची पहिली १२० मिनिटं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर रिफंड मिळतो. त्यामुळे या दोन तासांची फनेल (एकेका टप्प्यापर्यंत किती जण पोहोचतात याची मोजणी) बारकाईने लावावी: मेनू उघडला, नवा खेळ सुरू केला, ट्युटोरियल संपवलं, पहिला बॉस पाडला, पहिल्यांदा गेम बंद केला, दुसऱ्यांदा परत आला. दोन तासांनंतरच्या भागासाठी लेव्हल सुरू आणि लेव्हल पूर्ण एवढे दोन इव्हेंट पुरतात. फ्री-टू-प्ले (फुकट खेळता येणाऱ्या) गेमवाले पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसाच्या रिटेन्शनवर, म्हणजे त्या दिवशी किती जण परत आले यावर, जीव टाकतात. सहा तासांत संपणाऱ्या गोष्टीच्या गेमला तिसाव्या दिवसाचं रिटेन्शन काय सांगणार? ज्याने गेम आवडीने संपवला तोही त्यात ‘सोडून गेलेला’ म्हणून मोजला जातो.

एक इव्हेंट म्हणजे नेमकं काय

खेळाडू मेला, या एका घटनेची ओळ घेऊ. तिच्यात इव्हेंटचं नाव हवं, इन्स्टॉल आयडी (गेमच्या त्या प्रतीची ओळख), सेशन आयडी (खेळण्याच्या एका बैठकीची ओळख) आणि त्या सेशनमधला इव्हेंटचा अनुक्रमांक हवा. बिल्ड नंबर, म्हणजे गेमची कोणती आवृत्ती, हवा. गेम सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हवं. त्यानंतर खास या घटनेचं: लेव्हल, जागेचे एक्स आणि वाय, कुणी मारलं, या लेव्हलमधला हा कितवा मृत्यू, आणि हातात कंट्रोलर होता की कीबोर्ड. हे सगळं मिळून साधारण २०० बाइट्स होतात.

इन्स्टॉल आयडी पहिल्यांदा गेम उघडल्यावर रँडम तयार करून सेव्ह फोल्डरमध्ये ठेवायचा. स्टोअरचा खाते क्रमांक, मशीनचा सिरियल नंबर, ईमेल यांपैकी काहीही घ्यायचं नाही. क्लाउड सेव्हमुळे ही फाइल दुसऱ्या मशीनवर जाते आणि दोन मशीन एकच खेळाडू दिसू लागतात. ते हवं की नको हे आधीच ठरवा आणि त्याप्रमाणे फाइल क्लाउडच्या यादीत ठेवा किंवा बाहेर काढा.

अनुक्रमांक फालतू वाटतो, पण संपूर्ण व्यवस्थेचा कणा तोच आहे. नेटवर्क अडखळलं की क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरचा गेम, इव्हेंटचा तोच गठ्ठा पुन्हा पाठवतो आणि सर्व्हरवर एकच मृत्यू दोनदा नोंदला जातो. इन्स्टॉल आयडी, सेशन आयडी आणि अनुक्रमांक या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) लावला की दुसरी प्रत आपोआप नाकारली जाते. शिवाय १, २, ३, ५, ६ असे क्रमांक आले तर ४ हरवला हे दिसतं. किती टक्के इव्हेंट हरवतात हे ठाऊक नसेल तर फनेलमधली गळती खेळाडूंची की नेटवर्कची, हे सांगता येत नाही.

वेळेसाठी मशीनच्या घड्याळावर विसंबू नका. लोक घड्याळं पुढे-मागे करतात, काहींची वर्षानेही चुकलेली असतात. गठ्ठा सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ सर्व्हरने लावावी आणि गठ्ठ्यातल्या इव्हेंटमधली अंतरं सेशनच्या मिलिसेकंदांवरून काढावीत. खेळण्याचा वेळ मोजताना शेवटातून सुरुवात वजा केली, तर स्टीम डेक (हातात धरून खेळायचा छोटा संगणक) झोपवून ठेवणाऱ्याचं सेशन चौदा तासांचं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे हार्टबीट. गेम खरोखर पुढे चालू असताना दर ६० सेकंदांनी एक बारीक इव्हेंट टाकायचा आणि खेळण्याचा वेळ म्हणजे हार्टबीटची संख्या गुणिले एक मिनिट असा हिशेब धरायचा. पॉज मेनूत असताना किंवा खिडकी मागे गेलेली असताना हार्टबीट थांबवायचा.

पाठवण्याची रीत अशी ठेवावी. इव्हेंट आधी मेमरीतल्या रांगेत जातो, तिथून वेगळ्या थ्रेडवर (गेमच्या मुख्य कामाला न अडवता समांतर चालणाऱ्या कामात) डिस्कवरच्या फाइलमध्ये, आणि ३० इव्हेंट साठले किंवा ६० सेकंद झाले की गठ्ठा सर्व्हरकडे. फाइलमध्ये लिहिण्याचं काम मुख्य थ्रेडवर केलं तर हळू डिस्क असलेल्या मशीनवर झटका बसतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद, आणि मोजणी करताना गेमच अडखळू लागला तर त्या मोजणीचा उपयोग काय. डिस्कवर आधी लिहायचं कारण क्रॅश. गेम कोसळण्याआधीचा शेवटचा इव्हेंट सगळ्यात महत्त्वाचा असतो आणि मेमरीत असेल तर नेमका तोच जातो. पुढच्या वेळी गेम उघडताच जुनी फाइल आधी पाठवायची.

सर्व्हर बंद असेल तर ५, १०, २०, ४० सेकंद असं अंतर वाढवत दहा मिनिटांपर्यंत न्यायचं आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा रँडम उशीर मिसळायचा. नाहीतर सर्व्हर उठताक्षणी सगळे एकदम धडकतात आणि तो पुन्हा झोपतो. फाइल २ एमबीवर अडवा. भरली तर आधी हार्टबीट फेका, लेव्हलचे टप्पे राखा.

याला मोठं यंत्र लागत नाही. हजार खेळाडू रोज एक तास खेळले, प्रत्येकाचे ६० हार्टबीट आणि ६० इतर इव्हेंट धरले, तर दिवसाला १,२०,००० ओळी होतात, म्हणजे २०० बाइट्सच्या हिशेबाने २४ एमबी. सगळ्यात लहान सर्व्हर, तारखेनुसार फाइल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधला एक टेबल एवढ्यावर वर्षभर आरामात चालतं.

लाँचच्या आदल्या दिवशी तपासायच्या काही गोष्टी आहेत. स्वतःच्या आणि टेस्टरच्या बिल्डवर वेगळी खूण आहे ना? नसेल तर पहिल्या आठवड्यातले सगळ्यात चिवट खेळाडू आपणच निघतो. डेमो आणि पूर्ण गेम वेगळे ओळखू येतात ना? डेमोची सेव्ह पूर्ण गेममध्ये चालत असेल, तर तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करणारे लोक पहिल्या दोन लेव्हलच्या फनेलमध्ये ‘गळलेले’ दिसतील. आणि इन्स्टॉलचा आकडा विक्रीपेक्षा जास्त दिसला तर चक्रावू नका, पायरेटेड प्रतीही तोच सर्व्हर वाजवतात. एकूण विक्री आणि रिफंड यांचा खरा आकडा स्टोअरच्या अहवालातूनच घ्यायचा.

गळती वाचताना

समजा सातव्या लेव्हलला ४०० जण पोहोचले, ३५२ पार झाले. आठवीला ते ३५२ आले आणि २२९ पार झाले. पहिली गळती १२ टक्के, दुसरी ३५ टक्के. आठवीत काहीतरी आहे. पण थांबा, त्या १२३ जणांपैकी काही काल रात्री तिथे थांबले असतील आणि आज परत येतील. गळाला कुणाला म्हणायचं याचा नियम आधी हवा, उदाहरणार्थ १४ दिवसांत परत आला नाही तर. मग कंट्रोलर आणि कीबोर्ड वेगळे करून पाहा, बिल्डनुसार पाहा, त्या लेव्हलमध्ये शून्य वेळा मरून गेलेले किती आणि दहा वेळा मरून गेलेले किती ते पाहा. दहा वेळा मरून गेले असतील तर लेव्हल कठीण आहे. एकदाही न मरता गेले असतील तर बहुधा वाट सापडत नाही, आणि शत्रू सोपे करून काहीही सुधारणार नाही. मृत्यूंचा हीटमॅप (कुठे किती मेले हे रंगांनी दाखवणारा नकाशा) इथे फसवतो, कारण हरवलेला माणूस मरत नाही. अशांसाठी खेळाडूची जागा दर दहा सेकंदांनी नोंदवलेली हवी, फक्त त्याच लेव्हलमध्ये, दोन आठवड्यांपुरती.

कारण शोधायचं तर पाच जणांना समोर बसवून, तोंड बंद ठेवून, ती लेव्हल खेळताना पाहावं. टेबलमधून जागा कळते. दार पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून गेलंय, हे समोर बसल्यावरच कळतं.

दोन गट करून तपासताना

कुकी कॅट्स या टॅक्टाइल एंटरटेनमेंटच्या मोबाइल गेमच्या एका प्रयोगाचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. आकडेवारी शिकणारे बहुतेक जण कधी ना कधी त्यावर हात साफ करतात. गेममध्ये खेळाडूला थांबवणारं एक फाटक असतं: वाट पाहा किंवा पैसे भरा. ते ३० व्या लेव्हलवर ठेवावं की ४० व्या, हा प्रश्न. ९०,१८९ खेळाडू होते. सातव्या दिवशी परत आलेले ३० वाल्या गटात १९.० टक्के आणि ४० वाल्यात १८.२ टक्के. म्हणजे फाटक लवकर आलेलं बरं ठरलं. पहिल्या दिवसाचा फरक, ४४.८ आणि ४४.२, एवढ्या खेळाडूंमध्येही योगायोगाच्या कक्षेतच राहतो. सातव्या दिवसाचा त्याच्या बाहेर जातो.

हा डेटा मला त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या ओबडधोबडपणासाठी आवडतो. त्यात एक ओळ अशी आहे की एकाच खेळाडूने पहिल्या १४ दिवसांत ४९,८५४ फेऱ्या खेळल्या. भागाकार करून पाहा: चौदा दिवसांचे १२,०९,६०० सेकंद, म्हणजे झोप नाही, जेवण नाही आणि दर २४ सेकंदांना एक फेरी. हा माणूस नसावा. सरासरी काढायला बसलात तर ही एक ओळ अख्ख्या गटाची सरासरी फेरीभराने वर उचलते, म्हणून अशा ठिकाणी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा. दुसरीकडे सुमारे ४,००० जणांच्या नावावर शून्य फेऱ्या आहेत. आणि बरेच जण ३० व्या लेव्हलपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांच्यासाठी दोन्ही गट अगदी सारखे होते, पण हिशेबात ते आहेत आणि खरा फरक पातळ करतात. म्हणून गटात नाव घालण्याची नोंद गेम उघडताना न करता, खेळाडू त्या बदलाच्या दारात उभा राहील तेव्हा करावी.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गट आहेत ४४,७०० आणि ४५,४८९ चे. दिसायला जवळजवळ सारखे. पण अर्धेअर्धे वाटप अपेक्षित असेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे. स्वतःच्या प्रयोगात असं दिसलं तर निकाल वाचण्याआधी वाटपाचा कोड तपासायचा. नेहमीचं कारण हे की एका गटातला बदल क्रॅश होतो किंवा लोड व्हायला वेळ घेतो, आणि त्या गटातले लोक नोंद होण्याआधीच निघून जातात. म्हणजे वाईट अनुभव आलेलेच गायब, आणि उरलेल्यांचा आकडा छान.

वाटपासाठी इन्स्टॉल आयडी आणि प्रयोगाचं नाव जोडून त्याचा हॅश (मजकुरावरून ठरलेल्या रीतीने निघणारी संख्या) काढा, १०० ने भागा, बाकी ५० च्या खाली असेल तर पहिला गट. प्रयोगाचं नाव जोडायला विसरलात तर प्रत्येक प्रयोगात तेच लोक पहिल्या गटात येतात आणि मागच्या प्रयोगाचा परिणाम पुढच्यात झिरपतो.

आता संख्येचं. ढोबळ सूत्र असं: प्रत्येक गटात लागणारे खेळाडू म्हणजे १६ गुणिले सरासरी प्रमाण, गुणिले एक वजा ते प्रमाण, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. ट्युटोरियल संपवणारे ४० वरून ४४ टक्के झाले हे खात्रीने ओळखायचं तर प्रत्येक गटात साधारण २,४००. खरेदी करणारे २ वरून २.५ टक्के झाले हे ओळखायचं तर साधारण १४,०००. पहिलं छोट्या गेमला जमण्यासारखं आहे, दुसरं बहुतेकांना कधीच जमत नाही. त्यामुळे छोट्या गेमने दोन गटांचा प्रयोग मोठ्या, ठळक बदलांसाठी राखावा. बटण निळं की हिरवं यात खेळाडू वाया घालवू नयेत.

आणि रोज डोकावून, फरक ‘लागला’ की थांबवायचं नाही. मुळात काहीच फरक नसताना पाच टक्के चुकीची मुभा ठेवून दहा वेळा डोकावलं आणि मिळेल तिथे थांबलं, तर चुकीच्या निष्कर्षाची शक्यता सुमारे १९ टक्क्यांवर जाते. थांबायची तारीख आधी लिहून ठेवा.

विचारून घ्या

जून २०१८ मध्ये खेळाडूंना बऱ्याच पीसी गेममध्ये रेड शेल नावाचं साधन सापडलं. जाहिरात पाहून आलेल्या माणसाने पुढे गेम घेतला का हे ते जुळवत असे. खेळाडूंना कुणी विचारलंच नव्हतं. संताप एवढा झाला की एकामागोमाग एक स्टुडिओंनी ते काढून टाकलं. माझ्या मते खेळाडूंचं बरोबर होतं. ज्याने पैसे देऊन गेम घेतला त्याच्या मशीनवर आपण पाहुणे असतो.

पहिल्यांदा गेम उघडल्यावर एक साधा पडदा ठेवा: आम्ही कोणती लेव्हल, किती वेळ, कुठे मेलात एवढंच नोंदवतो, नाव किंवा ईमेल घेत नाही, ९० दिवसांनी कच्च्या नोंदी पुसतो. ‘चालेल’ आणि ‘नको’ ही दोन बटणं एकाच आकाराची असावीत. नको म्हटलं तर खरंच एकही इव्हेंट जाऊ नये, हे नेटवर्क पाहणाऱ्या एखाद्या साधनाने स्वतः तपासा. इंजिनचं स्वतःचं विश्लेषण आणि क्रॅश रिपोर्टची लायब्ररी कधी कधी आपल्या बटणाला न जुमानता बोलत असतात.

२५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या जीडीपीआर या डेटासंरक्षण कायद्याप्रमाणे आयपी ॲड्रेस हा वैयक्तिक डेटा ठरू शकतो, म्हणून वेब सर्व्हरच्या लॉगमधूनही तो काढून टाका. देश हवा असेल तर देश नोंदवून आयपी फेकून द्या. इन्स्टॉल आयडी रँडम असला म्हणून डेटा निनावी होत नाही, एकाच माणसाच्या नोंदी त्याने जोडल्या जातातच. सेटिंगमध्ये ‘माझा डेटा पुसा’ हे बटण ठेवलं की तोच आयडी सर्व्हरला पाठवून ओळी उडवता येतात. गेम १३ वर्षांखालच्या मुलांसाठी असेल तर अमेरिकेचा कोप्पा हा मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा लागतो, आणि २०१३ पासून त्यात असे कायम टिकणारे आयडीही वैयक्तिक माहिती म्हणून धरले जातात. मुलांच्या गेममध्ये मी तरी टेलिमेट्री घालूच नये असं म्हणेन. आयफोनवर एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून इतर कंपन्यांच्या ॲपमधल्या माहितीशी जुळवून माग काढायचा असेल तर परवानगीचा वेगळा पडदा दाखवावाच लागतो.

होकार देणारे लोक सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात, हेही हिशेबात धरा. त्यांच्यातल्या त्यांच्यात दोन गटांची तुलना चालते. एकूण खेळाडूंबद्दलची विधानं करू नयेत.

किंमत

सप्टेंबर २००० मध्ये ॲमेझॉनने काही डीव्हीडींच्या किमती वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या दाखवून पाहिल्या. लोकांच्या ते लक्षात आलं, बोभाटा झाला आणि कंपनीने ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३.१० डॉलर परत केले. एकाच वस्तूसाठी शेजाऱ्याने कमी दिले हे कळल्यावर येणारा राग रकमेच्या प्रमाणात नसतो. खेळाडू तर दिवसभर एकमेकांशी बोलत असतात.

स्टीमवर हा मोह होण्याचं कारण नाही, कारण एका देशातल्या सगळ्यांना एकच किंमत दिसते. गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये मात्र इन-ॲप वस्तूंसाठी किमतीचे प्रयोग करण्याची सोय आहे. वापरायचीच असेल तर मूळ किंमत कमाल धरून फक्त खालच्या किमती तपासा, म्हणजे प्रयोगामुळे कुणालाही जास्त पैसे पडणार नाहीत.

स्टीमवर उरतो तो काळानुसार बदल, आणि तिथे सगळ्यात मोठी फसगत होते. २०११ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूएल यांनी त्यांच्या प्रयोगांबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं. गाजावाजा न करता एका गेमची किंमत बदलली तर एकूण उत्पन्न जवळजवळ जिथल्या तिथे राहिलं, स्वस्त केल्याने वाढलेल्या प्रतींनी कमी किमतीची बरोबर भरपाई केली. मग ७५ टक्के सवलत जाहीर करून सेल लावला, तर उत्पन्न ४० पट झालं. म्हणजे सेलमध्ये जी उसळी दिसते तिच्यात जाहिरातीचा, पहिल्या पानावर दिसण्याचा आणि ‘आज नाही घेतलं तर महाग पडेल’ या भावनेचा वाटा प्रचंड असतो. सेलच्या आकड्यावरून कायमची किंमत उतरवणारे इथेच अडकतात. मूळ किंमत खाली येते, आणि सेल मात्र पूर्वीसारखा उसळत नाही.

तिथले नियम आधी समजून घ्या. सवलत किमान १० आणि कमाल ९० टक्के. किंमत वाढवल्यावर साधारण महिनाभर सवलत लावता येत नाही. एका सवलतीनंतरही तेवढाच काळ नवी लावता येत नाही, तिथे मात्र मोठ्या हंगामी सेलचा अपवाद आहे. विशलिस्टवाल्यांना (गेम पुढे घ्यायचा म्हणून यादीत ठेवलेल्यांना) ईमेल जायला सवलत २० टक्के किंवा जास्त लागते. त्यामुळे १५ आणि २० टक्क्यांची तुलना ही किमतीची तुलना नसतेच, एकीला ईमेल मिळालेला असतो आणि दुसरीला नाही.

हातात किती येतं तेही मांडून पाहा. १५ डॉलरची प्रत, २० टक्के कर किमतीत धरलेला असलेल्या देशात: कर गेला २.५०, उरले १२.५०, स्टोअरचे ३० टक्के म्हणजे ३.७५ गेले, हातात ८.७५. निम्म्या किमतीला विकलं तर ४.३७ आणि तेवढीच कमाई टिकवायला दुप्पट प्रती. किंमत २० वरून १५ केली तर ३३ टक्के जास्त प्रती लागतात. तक्रारी, बग रिपोर्ट आणि ईमेल मात्र प्रतींच्या संख्येने वाढतात, किमतीने घटत नाहीत.

छोट्या गेमला जमेल असा एक प्रामाणिक प्रयोग म्हणजे काही देशांत किंमत बदलायची आणि तशाच इतर देशांत तीच ठेवायची. समजा पहिल्या गटातल्या देशांत किंमत २० टक्के उतरवली. आधीच्या आठ आठवड्यांत तिथे ३२० प्रती गेल्या, नंतरच्या आठमध्ये ४१६, म्हणजे ३० टक्के वाढ. आनंद होतो. पण किंमत न बदललेल्या देशांतही ८०० च्या ९२० झाल्या, १५ टक्के वाढ, कारण मध्येच कुणा स्ट्रीमरने गेम खेळला. १.३० भागिले १.१५ म्हणजे १.१३, किमतीची कमाई फक्त १३ टक्के. उत्पन्न ०.८ गुणिले १.१३, म्हणजे ०.९०. तोटा दहा टक्के.

इथेही थांबायचं नाही. चारही आकड्यांचे व्यस्त करा, १/३२०, १/४१६, १/८०० आणि १/९२०, त्यांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ०.०८९. १.१३ च्या नैसर्गिक लॉगरिदमच्या दोन्ही बाजूंना याची साधारण दुप्पट धरून ते परत टक्क्यांत आणलं की खरा परिणाम उणे ५ पासून अधिक ३४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. तोटा भरून निघायला २५ टक्के वाढ लागत होती आणि २५ या पट्ट्यात आहे. म्हणजे चार महिन्यांच्या नोंदींनंतरही उत्तर आलेलं नाही. हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

‘जमेल ते द्या’ हाही एक प्रकारचा किंमत-प्रयोगच. वर्ल्ड ऑफ गू या गेमच्या पहिल्या वाढदिवशी, ऑक्टोबर २००९ मध्ये, २० डॉलरचा गेम हव्या त्या किमतीला दिला गेला. सुमारे ५७,००० लोकांनी घेतला, सरासरी २.०३ डॉलर, आणि सगळ्यात जास्त निवडली गेलेली रक्कम एक सेंट. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या ऑनलाइन दुकानात अशी विक्री आजही करता येते. तिथे किमान आणि सुचवलेली अशा दोन रकमा ठेवता येतात. किमान रक्कम पेमेंटच्या फीपेक्षा वर ठेवली नाही तर प्रत्येक विक्रीला हातातले पैसे जातात.

दुसऱ्या टोकाला फॅक्टोरिओ हा गेम. त्याचा सेल कधीच लागत नाही हे बनवणाऱ्यांनी उघड सांगून ठेवलेलं आहे. अर्ली ॲक्सेसमध्ये (गेम पूर्ण होण्याआधीच विक्रीला) असताना २०१८ मध्ये किंमत २० वरून ३० डॉलर झाली आणि २६ जानेवारी २०२३ ला ३५ झाली, तीही आधी कळवून. माइनक्राफ्टचीही किंमत अल्फाला ९.९५ युरो, बीटाला १४.९५ आणि पूर्ण झाल्यावर १९.९५ अशी चढत गेली. चढत्या किमतीत आधी आलेल्या माणसाला कधीही फसल्यासारखं वाटत नाही. अर्ली ॲक्सेस करणार असाल तर मी हाच रस्ता सुचवेन: खालून सुरू करा, वाढीची तारीख दोन आठवडे आधी जाहीर करा, आणि त्या दोन आठवड्यांतली विक्री पुढच्या किमतीचा पुरावा म्हणून धरू नका. ती घाईची विक्री असते, तिच्या पाठोपाठ तेवढाच खड्डा येतो. नवी किंमत कशी चाललीय हे वाढीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून वाचायला लागा.

या सगळ्यासाठी एक साधं कोष्टक आधीपासून भरत राहावं लागतं, दिवसाला एक ओळ: तारीख, प्रत्येक गटातल्या देशांची किंमत, सवलत किती, ईमेल गेला का, अपडेट आलं का, स्ट्रीमर किंवा मोठी बातमी, त्याच दिवशी आलेला दुसरा मोठा गेम, विकलेल्या प्रती, रिफंड, विशलिस्टमधून झालेली खरेदी. यातले शेवटचे तीन रकाने स्टोअरच्या अहवालातून नंतरही उतरवून घेता येतात. मधले रकाने आठवणीतून भरता येत नाहीत, ते त्याच दिवशी लिहायचे.